तुम्ही विचारलंत म्हणून: जुनं रॅक युनिट आज घ्यावं का?

"दादा, एक जुनं रॅक युनिट मिळतंय, घेऊ का?" गिटार वाजवणारी मुलं मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. रॅक युनिट म्हणजे गिटारच्या आवाजावर इफेक्ट देणारं, लोखंडी चौकटीत बसवायचं यंत्र. कुणाला बंद होणाऱ्या स्टुडिओतून यामाहाचं एसपीएक्स-९० मिळत असतं, कुणी जपानहून काहीतरी मागवायच्या बेतात असतो. माझं उत्तर बरीच वर्षं तेच आहे. डिले (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं यंत्र) असेल आणि गावात दुरुस्त करणारा माणूस असेल, तर जरूर घ्या. जुना स्वस्त रिव्हर्ब (आवाज मोठ्या खोलीसारखा घुमवणारं यंत्र) मिळाला तर तोही घ्या. नव्वदच्या दशकातली, प्रीअँपपासून (गिटारचा सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) रिव्हर्बपर्यंत सगळं एकाच डब्यात कोंबलेली मल्टी-इफेक्ट युनिटं मात्र घेऊ नका. त्यांतलं सगळं आजचा साधा फ्लोअर प्रोसेसर, म्हणजे पायाशी ठेवायचं इफेक्ट यंत्र, अधिक नीट करतो, आणि ती बिघडली की कुणी हात लावत नाही.

एकोणीस इंच रुंदीची ही यंत्रं मुळात स्टुडिओची. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या सेशन गिटारवादकांनी, म्हणजे स्टीव्ह ल्यूकाथर, मायकेल लँडाऊ यांच्यासारख्यांनी, ती फ्रिजएवढ्या पेट्यांत भरून स्टेजवर आणली. बॉब ब्रॅडशॉसारख्या माणसाने त्यांच्यासाठी स्विचिंग सिस्टिम बांधल्या आणि १९८३ साली मिडी (यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची पद्धत) आल्यावर एका पायाच्या दाबात सगळा आवाज बदलता येऊ लागला. नव्वदच्या सुरुवातीला हवा पालटली, लोक पुन्हा साध्या अँपकडे आणि पेडलकडे, म्हणजे पायाने दाबायच्या छोट्या इफेक्ट डब्यांकडे, वळले आणि ही यंत्रं अडगळीत गेली. तेव्हा ती कवडीमोलाने मिळत. नावाजलेल्या मॉडेलांच्या बाबतीत ते दिवस केव्हाच संपले.

आता डिलेविषयी सविस्तर सांगतो, कारण माझा जीव तिथे आहे.

ऐंशीच्या सुरुवातीला मेमरी महाग होती आणि आवाजाचे आकडे करणारे कन्व्हर्टर कच्चे होते. सोळा बिट सहज परवडत नव्हते. बारा-तेरा बिटांत भागवावं लागे. तेवढ्यात गिटार टाकली तर मंद होत जाणारी रिपीट खरखरत संपते. म्हणून डिझायनर आवाज आत घेताना दाबत आणि बाहेर सोडताना पुन्हा फुलवत. या जोडीला कंपँडर म्हणतात. आधी आणि नंतर ॲनालॉग फिल्टर बसवत. म्हणजे यंत्र डिजिटल, पण तुमच्या कानावर येणाऱ्या रिपीटवर निम्मं काम ॲनालॉग सर्किटने केलेलं. प्रत्येक रिपीट पुन्हा त्याच वाटेने फिरते, तिच्या कडा झिजतात आणि ती मूळ सुराच्या मागे जाऊन बसते. पुढे वाजणाऱ्या सुराशी भांडत नाही. हा गुण कुणी हौसेने घातला नव्हता, अडचणीतून वाट काढताना तो आला, आणि मला तो आजही अतिशय सुंदर वाटतो.

दुसरी गोष्ट क्लॉकची, म्हणजे यंत्राच्या कामाला ठोका देणाऱ्या आतल्या घड्याळाची. लेक्सिकॉनच्या पीसीएम-४२ या डिलेमध्ये तुम्ही मॉड्युलेशन लावता तेव्हा यंत्राचा क्लॉकच खरोखर जलद-मंद होतो. मेमरीत लिहिण्या-वाचण्याचा वेग बदलतो, म्हणून सूर वर-खाली झुकतो, टेप थोडी ओढल्यावर झुकतो तसा. आजच्या बहुतेक पेडलमध्ये क्लॉक स्थिर असतो आणि मधले आकडे सॉफ्टवेअर गणित करून काढतं. ते गणित आता फार चांगलं झालंय, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरी लांब डिलेवर मंद मॉड्युलेशन टाकून एकच कॉर्ड वाजवा आणि ती विरेपर्यंत थांबा. पीसीएम-४२ मध्ये ती ज्या पद्धतीने वितळते, तो माझ्या मते पैसे देण्याजोगा आवाज आहे.

कॉर्गच्या एसडीडी-३००० या डिलेची गोष्ट आणखी वेगळी. यू-टू बँडचा गिटारवादक द एज हे युनिट वॉक्स एसी-३० अँपच्या आधी लावायचा. डॉटेड एट्थवर, म्हणजे पाऊण मात्रेच्या अंतराने, येणाऱ्या त्याच्या रिपीट सगळ्यांना ठाऊक असतात, पण जाणकार बोलतात ते त्या युनिटच्या प्रीअँपबद्दल. इनपुट-आउटपुटची लेव्हल बदलणारी स्विचं पुढेच आहेत. ती वर नेली की गिटारचा सिग्नल अँपच्या तोंडावर जोराने आदळतो आणि अँप वेगळंच बोलू लागतं. डिलेची रिपीट ऐकू येत नसतानाही आवाजात फरक असतो. कॉर्गने २०१४ मध्ये याचं पेडल काढलं तेव्हा तो प्रीअँपही त्यात घातला, यावरून काय ते समजा.

मग पेडल असताना जुनं का घ्यायचं? बँडमध्ये ड्रम आणि बेस चालू असताना मला फरक सांगता येत नाही, आणि तुम्हालाही येईल असं वाटत नाही. फक्त स्टेजसाठी हवं असेल तर पेडलच घ्या. रोलँडच्या एसडीई-३००० या डिलेचंही तेच: रोलँडच्याच बॉस ब्रँडने २०२३ मध्ये एसडीई-३०००डी हे पेडल काढलं, ते पाठीवरच्या बॅगेत मावतं आणि त्याला वॉरंटी आहे. घरी किंवा स्टुडिओत, सावकाश, कान देऊन काम करणाऱ्याला मात्र मी जुनं यंत्र सुचवतो. पुढच्या पट्टीवर वेळ, फीडबॅक (रिपीट किती वेळा येतील ते), मॉड्युलेशनचा वेग आणि खोली, सगळं समोर दिसतं. शंभर प्रीसेट चाळत बसावं लागत नाही. डिले म्हणजे काय हे हाताला आणि कानाला त्यातून जितकं नीट कळतं, तितकं मेनूच्या पडद्यावर कळत नाही.

पिच शिफ्टरबद्दल, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या यंत्राबद्दल, माझं मत उलटं आहे. इव्हेंटाइड एच-३००० हे थोर यंत्र, यात वाद नाही. एका बाजूला सूर किंचित वर, दुसऱ्या बाजूला किंचित खाली, असा पसरट स्टिरिओ आवाज एडी व्हॅन हॅलेनने इव्हेंटाइडच्याच यंत्रांनी रुजवला. पण तिथे मोल अल्गोरिदमचं आहे, आणि तो त्याच कंपनीने एच-९ आणि २०२२ च्या एच-९० या पेडलांमध्ये स्वतः आणून ठेवलाय. जड, तापणारं, सुटे भाग न मिळणारं जुनं युनिट त्यासाठी घरात आणण्याचं कारण मला दिसत नाही.

रिव्हर्बच्या बाबतीत एका माणसाचं नाव आवर्जून घ्यायला हवं: कीथ बार. पेडल बनवणाऱ्या एमएक्सआर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. १९८४ मध्ये त्याने अलेसिस ही कंपनी काढली आणि दोन वर्षांत मिडिव्हर्ब हे रिव्हर्ब युनिट आणलं. बरा डिजिटल रिव्हर्ब फार महाग होता तेव्हा हे चारशे डॉलरच्या आत मिळू लागलं. ६३ प्रोग्रॅम, एकही बदलता येत नाही. नंतर त्यानेच स्पिन सेमीकंडक्टरमधून एफव्ही-१ ही चिप केली. आज छोट्या कंपन्यांच्या कितीतरी रिव्हर्ब पेडलमध्ये तीच असते. २०१० मध्ये तो गेला. गिटारवाल्यांनी त्याचं ऋण जितकं मानायला हवं तितकं मानलेलं मला दिसत नाही.

तेव्हा मिडिव्हर्ब २ किंवा एसपीएक्स-९० खरोखर स्वस्तात मिळालं तर घ्या. एसपीएक्स-९० चा सॅम्पलिंग दर ३१.२५ किलोहर्ट्झ, म्हणजे बारा किलोहर्ट्झच्या वरचं काही त्यातून येतच नाही. गाण्याच्या आवाजाला ते कमी पडेल, पण गिटार अँपचा स्पीकर त्याच्या बराच आधी थांबलेला असतो. त्यातला उलटा रिव्हर्ब माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या केव्हिन शील्ड्सने गिटारवर इतका वापरला की पुढे एक अख्खी शैली त्यावर उभी राहिली. 'सिम्फॉनिक' हा प्रीसेटही सोडू नका; स्वच्छ गिटारवर असा कोरस (एक गिटार अनेक वाजल्यासारखी वाटणं) क्वचित ऐकायला मिळतो.

आता दुरुस्ती. लोक हिच्याबद्दल सगळ्यात शेवटी विचारतात. खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं. ऐंशीच्या सुरुवातीच्या डिलेमध्ये बरेच भाग बाजारात मिळणाऱ्या जातीचे असतात: ऑप-अँप, साध्या लॉजिक आयसी, रेग्युलेटर, कपॅसिटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत यातलं बरंच मिळतं आणि सर्व्हिस मॅन्युअल हाती असेल तर चांगला कारागीर ते युनिट उभं करतो. ऐंशीच्या उत्तरार्धात कंपन्यांनी स्वतःच्या खास चिप्स बनवायला घेतल्या. तसली चिप गेली तर दुसरं मेलेलं युनिट शोधून त्यातून काढावी लागते. म्हणून अधिक जुनं ते अधिक टिकाऊ, असं उलटं गणित इथे लागू पडतं.

घेण्याआधी काही गोष्टी स्वतः पाहा. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने सुकतात. युनिट अर्धा तास चालू ठेवा आणि मग घरघर येते का ते ऐका, लगेच ऐकू नका. मेमरी सांभाळणारी लिथियम बॅटरी बहुधा बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती संपली की तुम्ही साठवलेले आवाज जातात, कारखान्याचे रॉममधले राहतात. नवी बसवताना होल्डर लावून घ्या. सगळी बटणं दाबून पाहा. मुंबई, कोकण, गोव्यातलं युनिट असेल तर जॅक आणि पॉट (फिरवायचे नॉब) हलवून खरखर तपासा, खाऱ्या दमट हवेत संपर्क काळे पडतात. ते कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा सुटतं, त्यावरून सौदा मोडू नका.

जोडणीचंही पाहा. ही यंत्रं लाइन लेव्हलची, म्हणजे गिटारपेक्षा जोरदार सिग्नलची, म्हणून अँपचा इफेक्ट्स लूप (प्रीअँपनंतर इफेक्ट जोडायची अँपवरची जागा) ही त्यांची जागा. एसपीएक्स-९० ला मागे +४ आणि −२० असं स्विच आहे. गिटार अँपच्या लूपला −२० वर ठेवा, नाहीतर सिग्नल अशक्त राहील आणि हिस्स वाढेल. तुमच्या अँपला लूपच नसेल तर आधी त्याचा विचार करा, युनिटचा नंतर.

जपानहून मागवणार असाल तर मागच्या पट्टीवरचा व्होल्टेजचा आकडा फोटोत वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका. तिथली यंत्रं १०० व्होल्टची. आपल्याकडच्या २३० वर थेट लावलीत तर गेलीच. दुकानदार ११० चा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हातात देईल आणि चालतं म्हणेल. चालतं, पण रेग्युलेटर कायम जास्त तापत राहतो आणि शेजारचे कपॅसिटर लवकर सुकतात. १०० व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या, किंवा युनिटमधला ट्रान्सफॉर्मर २३० वर जोडता येतो का ते कारागिराला मॅन्युअल दाखवून विचारा. शिपिंग, कस्टम ड्युटी आणि हा खर्च, तिन्ही धरून जी रक्कम येईल ती पेडलच्या किमतीशेजारी लिहा आणि मग मला पुन्हा फोन करा.