तुम्ही विचारलेत म्हणून: ‘अर्देशीर’ या नावाचा अर्थ

फारसी शिकवणाऱ्या माणसाला नावांचे अर्थ नेहमीच विचारले जातात, आणि माझ्याकडे सर्वाधिक वेळा येणारी पृच्छा ‘अर्देशीर’ या आता क्वचितच ऐकू येणाऱ्या नावाविषयीची आहे. कुलुपे आणि तिजोऱ्या घडवणारे अर्देशीर गोदरेज मराठी घरांना ठाऊक आहेत. पुण्यात जन्मलेले अर्देशीर इराणी यांनी १९३१ साली पहिला हिंदुस्थानी बोलपट आणि १९३३ साली पहिला फारसी बोलपटही मुंबईतच तयार केला, हे चित्रपटप्रेमींना माहीत असते. विचारणाऱ्याने उत्तरही बहुधा ठरवलेले असते: ‘शीर’ म्हणजे सिंह, तेव्हा अर्थ सिंहासारखाच काहीतरी असणार.

हे उत्तर मला मान्य नाही. आजच्या इराणात सिंह आणि दूध या दोहोंनाही ‘शीर’ म्हणतात हे खरे, पण जुन्या फारसीत सिंह हा ‘शेर’ होता आणि आपल्याकडे आलेल्या फारसीने तो उच्चार जपला. दूध मात्र तेव्हाही ‘शीर’च होते, जसे ते आपल्या शीरखुर्म्यात आहे. त्यात ‘आर्द’ म्हणजे पीठ. नुसत्या आवाजावरून फोड करायची ठरवली तर या नावाचा अर्थ दूध-पीठ असाही निघेल, आणि तो सिंहापेक्षा फारसा अधिक चुकीचा ठरणार नाही.

नाव अरबी नाही, आणि अर्वाचीन फारसीत घडलेलेही नाही. प्राचीन इराणच्या हखामनी राजांच्या शिलालेखांत ते ‘अर्तख्शस्स’ अशा उच्चाराचे आहे, आणि त्यातील दोन्ही पदे संस्कृत जाणणाऱ्याला लगेच ओळखू यावीत: ‘अर्त’ म्हणजे आपले ऋत, सत्य आणि सृष्टीचा नियम, आणि दुसरे पद म्हणजे क्षत्र, राज्यसत्ता. समास बहुव्रीही आहे. ज्याचे राज्य ऋतावर अधिष्ठित आहे तो अर्देशीर. या दोन कल्पना झरथुष्ट्री धर्मात अमेशास्पेंतांच्या, म्हणजे अहुर मज्दाच्या दिव्य शक्तींच्या, मालिकेत आहेत, आणि पारशी पंचांगातील अर्दिबेहेश्त व शहेरेवर हे महिने त्यांच्याच नावाचे आहेत. ‘शहर’ हा रोजच्या वापरातला शब्द आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत भेटणारा नहपानाच्या घराण्याचा ‘क्षत्रप’ हा किताब, हेही त्याच क्षत्र-कुळातले.

ग्रीकांनी या नावाचे ‘अर्ताक्सेर्क्सेस’ केले आणि तिथून घोटाळा सुरू झाला. हेरोडोटसने झेर्क्सेस (हाही एक हखामनी राजा) म्हणजे योद्धा आणि अर्ताक्सेर्क्सेस म्हणजे महायोद्धा असे सांगून टाकले. वस्तुतः झेर्क्सेसचे मूळ नाव ‘ख्शयार्शन्’, वीरांवर सत्ता चालवणारा, असे निराळेच आहे, आणि दोघांच्या नावांचे शेपूट सारखे दिसते ते केवळ ग्रीक कानामुळे. इतका मोठा इतिहासकार, पण व्युत्पत्तीच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. मराठी बायबल वाचणाऱ्यांना याच नावाचा राजा एज्रा आणि नहेम्याच्या पुस्तकांत ‘अर्तहशश्त’ म्हणून भेटतो, इ. स. पू. ४६५ ते ४२४ या काळात राज्य करणारा पहिला अर्ताक्सेर्क्सेस तो हाच, असे सामान्यतः मानतात, आणि त्याचा प्यालेबरदार असलेल्या नहेम्याने यरुशलेमचा तट पुन्हा बांधला.

सिकंदराने हखामनी साम्राज्य बुडवले, तरी पार्स प्रांतातल्या स्थानिक राजांनी हे नाव टाकले नाही. त्यांच्या नाण्यांवर ते दिसते. त्याच प्रांतातल्या पापकपुत्र अर्देशीराने इ. स. २२४ मध्ये पार्थियन सम्राट अर्दवानाला होर्मोझ्दगानच्या लढाईत मारून सासानी राजवट स्थापन केली. नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर कोरलेल्या शिल्पात तो घोड्यावर बसून, तसाच घोड्यावर बसलेल्या अहुर मज्दाकडून राजचक्र स्वीकारतो आहे, आणि अर्दवान त्याच्या घोड्याच्या पायाखाली पडला आहे. नव्या राजवटीला स्वतःचे नाते जुन्या इराणशी जोडायचे होते, आणि संस्थापकाचे नाव त्या कामी आपसूक उपयोगी पडले असावे, असे मला वाटते.

पारशी घरांत या नावाचे लाडके रूप ‘अदी’ असे होते. १९६५ च्या युद्धात पूना हॉर्स या रेजिमेंटचे नेतृत्व करताना धारातीर्थी पडलेले परमवीरचक्रविजेते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांनाही सहकारी अदी म्हणूनच ओळखत. लिहिताना ‘अर्दशीर’ आणि ‘अर्देशीर’ ही दोन्ही रूपे चालतात. पहिले सासानी इतिहासाविषयी लिहिताना अधिक शोभते, दुसरे मुंबईतल्या माणसाविषयी.