पिनकोडचा रकाना

पुण्यातल्या एका संशोधन प्रकल्पात ल्युपसच्या रुग्णांच्या नोंदी सांभाळणं हे माझं काम. फॉलोअपला आलेल्या प्रत्येकाची औषधं, लघवीतलं प्रोटीन, रक्तातल्या सी३-सी४ या प्रथिनांची पातळी, डीएनएविरोधी अँटिबॉडी हे सगळं माझ्याकडे येतं आणि त्याची तक्त्यात एक ओळ होते. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. कुणाचे सांधे धरतात, कुणाच्या चेहऱ्यावर चट्टे येतात, कुणाच्या किडनीला इजा होते. दोन रुग्ण सहसा सारखे नसतात, म्हणून एका हॉस्पिटलच्या नोंदींवरून फारसं काही ठरवता येत नाही. चार ठिकाणचा डेटा एकत्र यावाच लागतो.

आमचा शोधनिबंध स्वीकारला गेला होता. नियतकालिकाची अट होती की मूळ तक्ता इंटरनेटवरच्या सार्वजनिक डेटा-भांडारात ठेवायचा. नावं, फोन, पत्ते, केसपेपरचे नंबर काढलेले होते. फाइल बाहेर जाण्याआधी ती गटातल्या दुसऱ्या कुणीतरी वाचायची, अशी आमची पद्धत आहे. त्या दिवशी ती आमच्या समुपदेशक ताईंकडे दिली. त्या रुग्णांना फोन करतात, तारखांची आठवण देतात. संगणकाशी त्यांचा रोजचा संबंध नाही.

दुपारी त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, हा माणूस मला माहितीये." बोट एका ओळीवर होतं. त्यांनी नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही.

ल्युपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. त्यामुळे पुरुषाची ओळ लगेच डोळ्यांत भरते. पुढे वय, व्यवसाय, बायॉप्सीची तारीख आणि पिनकोड. तो पिनकोड ताईंच्या माहेरच्या तालुक्यातला होता. (तालुका, वय, व्यवसाय मी इथेही लिहिणार नाही.) "अमुक महिन्यात त्याला पुण्याला किडनीचा तुकडा काढायला नेलं होतं, एवढं अख्ख्या गावाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. गावाला एवढंच ठाऊक होतं. आजाराचं नाव, सायक्लोफॉस्फामाइडची इंजेक्शनं, आणि त्या औषधाचा पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून त्याच्याशी झालेलं बोलणं, हे गावाला ठाऊक नव्हतं. ते सगळं त्याच ओळीत पुढच्या रकान्यांत होतं.

अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी १९९०च्या दशकात हेच दाखवून दिलं होतं. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा झिप कोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली बहुसंख्य माणसं वेगळी काढता येतात, आणि त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरच्या वैद्यकीय नोंदी अशाच शोधल्या होत्या. आपला पिनकोडही नेमकेपणासाठीच जन्माला आला. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, जे संस्कृतचे कवीही होते, १९७२ साली ही पद्धत आखली ती पत्र योग्य पोस्टात पोचावं म्हणून. शेवटचे तीन आकडे थेट पोस्टापर्यंत नेतात. दुर्मीळ आजार आणि खेड्यातलं पोस्ट एका ओळीत आले, की नाव काढून काय उपयोग?

संध्याकाळपर्यंत आमची वादावादी चालली. कुणी म्हणालं, फाइल देऊच नका. ते मला पटत नव्हतं. २०२०च्या मार्चमध्ये करोनावर उपाय म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गाजावाजा झाला आणि दुकानांतून गोळ्या गायब झाल्या. आमच्याकडच्या रुग्ण बायका रडकुंडीला येऊन फोन करत होत्या. त्यांची ती ल्युपसवरची रोजची गोळी. त्याच महिन्यात जगभरच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून एक रजिस्ट्री उभी केली. रुग्णाची ओळख न कळवता नोंदी पाठवायच्या. ही गोळी आधीपासून घेणाऱ्या ल्युपसच्या रुग्णांनाही करोना होतोय, हे त्या नोंदींतून थोड्याच काळात दिसलं. जो तो आपापली फाइल कुलपात ठेवून बसला असता, तर हे कधी कळलं असतं?

आमच्या संख्याशास्त्रज्ञाने सुचवलं की ज्यांच्यासारखे पाचपेक्षा कमी रुग्ण आहेत, त्या ओळी काढून टाकू. तशी चाळणी लावून पाहिली, तर जवळजवळ सगळे पुरुष गळाले. पुरुषांतल्या ल्युपसबद्दल आधीच माहिती तुटपुंजी, आणि अनेक अभ्यासांत त्यांच्या किडनीचा त्रास जास्त दिसलेला. ज्यांच्याबद्दल कमी कळलंय त्यांनाच तक्त्यातून हाकलायचं, याला मी ठाम नकार दिला.

शेवटी दोन थर करायचे ठरलं. उघड्या थरात ठिकाण नाही, व्यवसाय नाही, वय गटात, आणि तारखांच्या जागी निदानापासूनचे दिवस. यात एक नुकसान होतंच. उन्हाने ल्युपस उसळतो आणि महिना पुसला की ऋतूही पुसला जातो. म्हणून महिना, जिल्हा आणि व्यवसाय दुसऱ्या थरात ठेवले. तो थर फक्त अर्ज करणाऱ्या संशोधकांना, एथिक्स कमिटीच्या परवानगीने, आणि कुणालाही ओळखायचा प्रयत्न करणार नाही अशा लेखी करारावर. निबंधाला उशीर होणार होता. तो होऊ दिला.

राहिला तो माणूस. आमच्या जुन्या संमतीपत्रात डेटा दुसऱ्यांना देण्याबद्दल एकच मोघम ओळ होती. पुढच्या ओपीडीला डॉक्टर सरांनी त्याला बसवून दोन्ही थर समजावले. तो म्हणाला, "द्या सर. पण गावात कळायला नको. घरी मुली बघायला लागलेत." मग सही करण्याआधी त्याने विचारलं, "यातून पुरुषांच्या किडनीबद्दल काही सापडलं, तर मला कोण सांगणार?"

सरांकडे उत्तर नव्हतं. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात, तशी सोयच नव्हती. आता दुसऱ्या थराच्या करारात एक कलम आहे. डेटा नेणाऱ्याने निष्कर्ष साध्या भाषेत आमच्याकडे परत पाठवायचे, आणि ते मराठीत करून रुग्णांना ओपीडीत सांगायचं काम ताईंकडे. मी हे लिहीपर्यंत त्या थरासाठी पहिला अर्ज आला आहे, पुरुष रुग्णांवरच्या अभ्यासासाठी.