पट्ट्याखालची नस

आमच्या उपचार केंद्राच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे आणि तिच्यावरून कोण कसे चालत येते, हे आत बसूनही ऐकू येते. जुलैमधल्या त्या बुधवारी मला आधी ऐकू आली ती चप्पल. उजवे पाऊल नेहमीसारखे टेकत होते. डावे मात्र टाच टेकताच फटकन खाली आपटत होते आणि पुन्हा उचलताना चपलेचे टोक फरशीवर घासत होते. गुडघा दुखणारा माणूसही लंगडतो, पण तो दुखऱ्या पायावर कमी वेळ थांबतो, एवढेच. पाऊल असे आपटणे म्हणजे घोटा वर उचलणाऱ्या स्नायूंची ताकद गेलेली असणे. म्हणून ती मुलगी आणि तिचे वडील दारात पोचण्यापूर्वीच मी हातातले काम बाजूला ठेवले होते.

तिच्या कागदावर ‘डावा गुडघा, मुरगळला’ एवढेच लिहिलेले होते. वय २०. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या बाजूच्या गावची ही मुलगी कबड्डी खेळणारी आणि सोबत पोलीस भरतीची तयारी करणारी. महिलांच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक मिळून ५० गुण असतात, आणि त्यातले ३५ गुण एकट्या धावण्याचे असल्यामुळे या मुलींचा सगळा जीव गुडघ्यांत अडकलेला असतो. बारा दिवसांपूर्वी सरावात चढाई करून परतताना तिचा डावा पाय मातीत रोवलेला असताना पकड करणारी मुलगी बाहेरच्या बाजूने तिच्या गुडघ्यावर कोसळली. गुडघा आत वाकला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड मोडलेले नव्हते, आणि घरी जाताना वडिलांनी बाजारातल्या एका दुकानातून गुडघ्याचा पट्टा घेतला.

“मॅडम, गुडघ्याचं दुखणं तसं कमी झालंय,” वडील म्हणाले, “पण चार दिवस झाले, हिच्या पायात चप्पल राहत नाही.” मी खाली पाहिले. चपलेच्या अंगठ्याला एक नाडी बांधून तिची गाठ घोट्याभोवती मारलेली होती. परकराची जुनी नाडी असावी. पाय उचलला की चप्पल सोबत यावी, म्हणून मुलीच्या आईने केलेला तो उपाय होता. ती नाडी पाहून माझ्या पोटात कालवले.

पट्टा काढायला सांगितले, तेव्हा तिला तो ओढून काढावा लागला. निओप्रीनचा, म्हणजे जाड रबरी कापडाचा, दोन्ही बाजूंना छोट्या धातूच्या बिजागऱ्या असलेला, आखूड पट्टा. गुडघ्याखालची वेल्क्रोची पट्टी जिथे बसत होती तिथे कातडीत बोटभर रुंदीची लाल खाच पडली होती. ती खाच पुढून मागे गेली होती आणि बाहेरच्या बाजूला नेमकी त्या हाडाच्या गोट्याखालून जात होती, जिथे ती कधीच जायला नको होती.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीपेक्षा थोडे खाली बोट फिरवले की एक टणक गोटा लागतो. पायाच्या बारीक हाडाचे, म्हणजे फिब्युलाचे ते डोके. त्याच्या खालच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनियल नावाची नस, म्हणजे मज्जातंतू, पुढे येते आणि घोटा व बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवते. त्या वळणावर तिच्या वर कातडी आणि नावापुरती चरबी, खाली सरळ हाड. शरीरातल्या एवढ्या महत्त्वाच्या फार थोड्या नसा इतक्या उघड्यावर आहेत. आपल्याकडे ‘शीर’ या एकाच शब्दात रक्तवाहिनी, स्नायुबंध, हाडाला हाड बांधणारे लिगामेंट आणि मज्जातंतू असे सगळे बसते, त्यामुळे “शीर दबलीय” असे कोणी म्हटले की मी एरवी दहा प्रश्न विचारते. त्या दिवशी मात्र तो शब्द अक्षरशः खरा ठरणार होता.

मी तिला पाऊल वर उचलायला सांगितले. पाऊल जेमतेम हलले, अंगठा अजिबात उठला नाही. पाऊल बाहेर वळवताना ताकद नव्हती, पण आत वळवताना ती पूर्ण होती. हा फरक मोलाचा असतो, कारण दोष कमरेतल्या मणक्यांपाशी असता तर पाऊल आत वळवण्याची ताकदही सहसा कमी झाली असती. पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याच्या बेचक्यात कापूस फिरवलेला तिला नीट कळत नव्हता. त्या गोट्याच्या मागे मी बोटाने हलकेच टिचकी मारली, तशा पावलापर्यंत मुंग्या गेल्या. पोटरी मऊ होती, पावलावर नाडीचे ठोके लागत होते, त्यामुळे रक्तपुरवठ्याची भीती उरली नाही. मार बाहेरून बसला असल्याने नस त्याच वेळी चेचली गेली असेल का, हाही प्रश्न होता. पण दुखापतीनंतर चार-पाच दिवस तिचा घोटा व्यवस्थित उचलत होता, ती त्या दिवसांत जिना चढली होती, आणि पाऊल खाली लोंबू लागले ते पट्टा काही दिवस सारखा लावल्यानंतर.

“दिवसातून किती वेळ लावतेस?”

“सारखाच असतो. रात्री पण. रात्री थोडा जास्त घट्ट करते, झोपेत गुडघा वळू नये म्हणून.”

“आणि अभ्यास कुठे बसून करतेस?”

तिने सांगितले, लोखंडी खाटेवर, पाय लांब करून. मी तिला माझ्या टेबलावर तसे बसून दाखवायला सांगितले. डावा पाय आपोआप बाहेर कलंडला आणि टेबलाची कड पट्टीच्या त्याच जागी लागली. अंगाने बारीक मुलगी, मापापेक्षा लहान पट्टा, वरून घट्ट केलेली पट्टी, आणि खालून खाटेचा लोखंडी नळ. लेखी परीक्षेच्या तयारीचे तासन्‌तास ती नस या दोहोंच्या मध्ये चिमटीत सापडलेली होती.

वडिलांचा चेहरा उतरला. “म्हणजे माझ्यामुळं झालं का, मॅडम? मीच म्हणायचो, घट्ट बांध.” मी त्यांना सांगितले की घट्ट म्हणजे चांगले ही समजूत मला रोज भेटते, आणि ती दूर करण्याचे काम पट्टा देणाऱ्याचे होते. दुकानात त्यांना “मोठा पाहिजे की मिडियम?” एवढाच प्रश्न विचारला गेला होता. मुलीच्या पायाला मोजपट्टी लागली नव्हती. ती दुकानात गेलीही नव्हती. पिशवीतून आणलेल्या खोक्यावर मापांचा तक्ता छापलेला होता. तिच्या गुडघ्याचा घेर वाटीच्या मध्यावर ३७ सेंटीमीटर भरला आणि त्या तक्त्याप्रमाणे तिला दोन मापे मोठा पट्टा हवा होता. चष्म्याचा नंबर काढल्याशिवाय चष्मा घेत नाही, पण सुजलेल्या सांध्यावर महिनाभर चढवायची वस्तू अंदाजाने घेतली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

मग गुडघा तपासला. तो ३० अंशांत वाकवून पोटरी बाहेर ढकलली तेव्हा आतली बाजू निरोगी गुडघ्यापेक्षा जास्त उघडत होती, पण शेवटी कुठेतरी अडत होती. पाय सरळ ठेवून तेच केल्यावर गुडघा घट्ट होता. पुढचे क्रुसिएट लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तेही हाताला पक्के लागले. म्हणजे आतल्या बाजूचे लिगामेंट, एमसीएल, अर्धवट फाटलेले, दुसऱ्या श्रेणीचे. त्यातल्या त्यात ही चांगली बातमी होती, कारण या लिगामेंटला रक्तपुरवठा चांगला असतो आणि गुडघा आत वाकू दिला नाही तर ते बहुधा शस्त्रक्रियेशिवाय भरून येते.

पण इथेच पेच होता. लिगामेंटला पट्टा हवा होता आणि नसेला पट्टा नकोच होता. त्याच दुपारी मी आमच्या ऑर्थोपेडिक सर्जनांशी बोलून तिला त्यांच्याकडे पाठवले. त्यांनी एमआरआय करून घेतला, निदान तेच निघाले, कूर्चा शाबूत होत्या. आणि पहिले चार दिवस गुडघ्याला काहीही न लावता दोन कुबड्यांवर चालायचे, पाऊल खाली लोंबू नये म्हणून घोट्याला हलका स्प्लिंट लावायचा आणि झोपताना पायाखाली अशी उशी ठेवायची की गोट्याला कशाचाही स्पर्श होणार नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले. खाट बंद. अभ्यास खुर्चीवर.

चार दिवसांनी लाल खाच नाहीशी झाल्यावर मी तिच्यासाठी पट्टा निवडायला बसले, आणि ती निवड मला आजही तपशीलवार आठवते. साधी ओढून चढवायची नी कॅप कामाची नव्हती. नी कॅप ऊब देते, हलका दाब देते, गुडघा कुठे आहे याची जाणीव वाढवते आणि त्याने अनेकांना बरे वाटते, पण सांधा आत वाकू लागला तर ती त्याला अडवू शकत नाही. ते काम बाजूच्या ताठ पट्ट्यांचे आणि बिजागरीचे. पाय पूर्ण सरळ ठेवणारा लांब पट्टाही नको होता, कारण त्यात मांडीचे स्नायू आठवड्यात वाळू लागतात आणि एमसीएलला मर्यादेतली हालचाल मानवते. उरला तो दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला, पुढून उघडणारा पट्टा. प्रश्न होता त्याच्या लांबीचा. आखूड पट्ट्याला सांधा आवरायचा तर गुडघ्याच्या अगदी जवळ जोरात आवळावे लागते. दांडे लांब असले की तरफ लांब होते, तोच आधार कमी दाबात मिळतो, आणि खालची पहिली पट्टी फिब्युलाच्या मानेच्या पुरेशी खाली, पोटरीच्या भरदार भागावर घेता येते. आम्ही लांब दांड्यांचा पट्टा मागवला. किंमत पहिल्यापेक्षा बरीच जास्त होती. वडिलांनी एका शब्दानेही घासाघीस केली नाही.

मापे मी तिला उभी करून, स्नायू सैल सोडायला सांगून घेतली: वाटीचा मध्य, त्याच्या १५ सेंटीमीटर वर आणि १५ सेंटीमीटर खाली. पेनने गोट्याभोवती गोल काढला आणि त्या गोलात कुठलीही पट्टी येऊ द्यायची नाही, असे तिला सांगितले. पट्टा बसून, गुडघा थोडा वाकवून लावायचा. बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या रेषेत आणायचा, कारण ती खाली घसरली की गुडघा एका आसावर वळतो आणि पट्टा दुसऱ्या, आणि सगळे घर्षण कातडीला सोसावे लागते. आधी पोटरीची पट्टी लावायची, म्हणजे पट्टा घसरत नाही, मग मांडीची. पट्टीखाली दोन बोटे सरकली पाहिजेत. लावल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडायचे, दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे, आणि मुंग्या आल्या तर वाट न बघता सोडायचा. आत पातळ सुती मोजा, कारण आपल्याकडच्या दमट दिवसांत निओप्रीनखाली पुरळ उठायला दोन दिवस पुरतात. हे सगळे मी तिच्याकडून पाच वेळा करून घेतले. सूज उतरल्यावर दहा दिवसांनी पुन्हा मोजले, तेव्हा घेर ३५ झाला होता आणि पट्ट्या नव्याने बसवाव्या लागल्या.

रात्री पट्टा काढून ठेवायचा, ही गोष्ट मी आता प्रत्येकाला लिहून देते. पूर्वी मी ती तोंडी सांगत असे, कधी गर्दीत राहूनही जात असेल. त्या नाडी बांधलेल्या चपलेनंतर राहत नाही.

मधल्या एका दिवशी वडिलांनी हळूच विचारले, हिचा जुना पट्टा त्यांना स्वतःला चालेल का. त्यांचाही गुडघा वर्षभर आतून दुखतो. त्यांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले होते आणि दुखणे झिजेचे होते. अशा गुडघ्याला आतल्या बाजूचा भार बाहेर ढकलणारा वेगळा पट्टा मिळतो, आणि मांडीच्या व्यायामाशिवाय त्याचाही फारसा उपयोग नाही, हे मी त्यांना समजावले आणि त्यांची वेगळी तपासणी केली. तो आखूड पट्टा मी मागून घेतला. आता तो माझ्या कपाटात आहे आणि पट्टा घ्यायला येणाऱ्यांना मी तो दाखवते.

नस सावकाश जागी झाली. दहाव्या दिवशी पावलावर मुंग्या आल्या, तिसऱ्या आठवड्यात अंगठा हलला, आणि त्या दिवशी तिने तो मला सात-आठ वेळा हलवून दाखवला. चौथ्या आठवड्यातल्या नसेच्या चाचणीत ती दबलेली होती, तुटलेली नव्हती, हे स्पष्ट झाले. तोवर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबणे, पाय सरळ उचलणे, स्थिर सायकल हे व्यायाम सुरूच होते. सहाव्या आठवड्यात चालताना पट्टा सुटला, फक्त अर्धवट बैठका, पायरीचे व्यायाम आणि एका पायावरचा तोल यांसाठी काही दिवस राहिला. आठव्या आठवड्यापर्यंत घोट्याची ताकद पूर्ण आली आणि सरळ रेषेत हलके धावणे सुरू झाले.

साडेतीन महिन्यांनी ती विचारायला आली की मैदानी चाचणीत धावताना पट्टा लावला तर भीती कमी वाटेल का. मी जमिनीवर टेप अंथरला आणि तिला एका पायावर लांब उडी मारायला लावली. उजव्या पायावर ११८ सेंटीमीटर. डाव्या पायावर, पट्ट्याविना, १०९. पट्टा लावून १०८. तिने तीनही आकडे स्वतः वहीत लिहिले, डाव्या पायाची उडी उजव्याच्या ९० टक्क्यांच्या वर आहे हे स्वतः हिशेब करून पाहिले, आणि मग पट्ट्याच्या पट्ट्या एकेक करून बंद केल्या, वेल्क्रोत अडकलेले गवत काढले आणि तो पिशवीत टाकला. कबड्डीच्या मैदानावर उतरायला मी तिला आणखी दोन महिने थांबायला सांगितले आहे. धातूची बिजागरी समोरच्या मुलीला लागू शकते, म्हणून तिथे पट्ट्याविना उतरता येईल इतकी मांडी तयार झाल्यावरच. ती दर शनिवारी मांडीचे माप द्यायला येते.