कोल आणि मर्केल: स्वभावाबाहेरचे निर्णय

लाइपझिगसारख्या पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील शहरात राहू लागल्यावर हेल्मुट कोल आणि आंगेला मर्केल यांची तुलना वरचेवर कानावर पडते. दोघेही ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे, आणि दोघांनीही चान्सलरपद सोळा वर्षांहून थोडेच अधिक काळ सांभाळले: कोल यांनी १९८२ ते १९९८, मर्केल यांनी २००५ ते २०२१. कोल यांना एकीकरणाचे शिल्पकार आणि मर्केल यांना संकटकाळातील संयमी व्यवस्थापक म्हणण्याची पद्धत आहे. मला ही विभागणी अपुरी वाटते, कारण दोघांचेही सर्वांत मोठे निर्णय त्यांच्या एरवीच्या स्वभावाशी विसंगत होते.

कोल हे मूळचे वाट पाहणारे राजकारणी. प्रश्न नुसता बसून संपवतात, अशी त्यांची ख्याती होती. मात्र ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत कोसळली आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांनी संसदेत एकीकरणाचा दहा कलमी कार्यक्रम मांडला, तोही स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्यांना पूर्वकल्पना न देता. १ जुलै १९९० रोजी पूर्वेत पश्चिमेचे मार्क चलन लागू झाले. मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांचा विरोध असूनही पगार आणि निवृत्तिवेतन एकास एक दराने बदलून देण्यात आले, आणि ३ ऑक्टोबरला देश एक झाला. या घाईची किंमत पूर्वेने मोजली. पगार एकदम मजबूत पश्चिमी मार्कमध्ये द्यावे लागल्याने आणि जुन्या गिऱ्हाईक देशांशी असलेला व्यापार आटल्याने कारखाने कोलमडले. ‘ट्रॉयहांड’ या सरकारी संस्थेकडे आलेले हजारो उद्योग विकले गेले किंवा बंद पडले. कोल यांनी ‘बहरलेल्या प्रदेशां’चे वचन दिले होते. लाइपझिगच्या जुन्या इमारती आज खरोखरच देखण्या दिसतात. पण ज्यांची नोकरी तेव्हा गेली, त्यांच्याशी बोलताना त्या इमारतींचे कौतुक जपूनच करावे लागते.

मर्केल पूर्व जर्मनीत वाढलेल्या, भौतिकशास्त्र शिकून क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या. कोल यांनीच त्यांना १९९१ मध्ये मंत्री केले, आणि कोल यांच्या काळातील गुप्त पक्षनिधीचे प्रकरण उघडकीस आल्यावर डिसेंबर १९९९ मध्ये मर्केल यांनीच वृत्तपत्रात लेख लिहून पक्षाने कोल यांच्याविना चालायला शिकावे असे सुचवले. (गुरूला इतक्या थंडपणे बाजूला सारणे आपल्याकडच्या पक्षांत क्वचितच घडेल.) एरवी पाऊल जपून टाकणाऱ्या या बाईंनी २०१० मध्ये अणुभट्ट्यांची मुदत वाढवली, आणि जपानमधील फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर २०११ मध्ये काही महिन्यांतच अणुऊर्जा सोडण्याचा कायदा केला. सप्टेंबर २०१५ मध्ये हंगेरीत अडकलेल्या निर्वासितांना प्रवेश देण्याचा निर्णय तर एका रात्रीत झाला. त्या वर्षी सुमारे ८,९०,००० लोक आश्रयासाठी जर्मनीत आले.

मर्केल यांच्यावर आज होणारी कठोर टीका मात्र त्यांच्या सावधपणाच्या काळाबद्दलही आहे. २००९ मध्ये राज्यघटनेत आलेल्या कर्जमर्यादेमुळे ताळेबंद नीटनेटका राहिला, पण पूल, रेल्वे आणि लष्कर यांच्यावरील खर्च मागे पडला. रशियन वायूवरील अवलंबित्व २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळंकृत केल्यानंतरही वाढू दिले गेले. कोल यांच्या चुका लगेच दिसल्या आणि त्यांचे श्रेयही लगेच दिसले. मर्केल यांच्या चुकांचे बिल फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, म्हणजे त्या पदावरून गेल्यावर आले. त्यामुळे दोघांना एकाच तराजूत तोलणे मला न्याय्य वाटत नाही.

लाइपझिग ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीत फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीत उजव्या टोकाचा ‘एएफडी’ (‘जर्मनीसाठी पर्याय’) पक्ष पहिला आला. या पक्षाची स्थापना २०१३ मध्ये झाली, ती युरो वाचवण्याच्या मर्केल यांच्या धोरणाला विरोध म्हणून. आणि युरो हे कोल यांचे आवडते स्वप्न होते. नव्वदीतील बेरोजगारीचा सल आणि २०१५ चा राग, दोन्ही येथील मतपेटीत एकत्र पडतात, आणि त्यांचा हिशेब देण्याची पाळी दोघांच्याही पक्षावर आली आहे.