शेवट सांगू नकोस हं!

"हल्ली काय पाहिलंस?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. त्याच्यामागून "बघू का?" येतो, आणि मी तोंड उघडायच्या आत तिसरं वाक्य: "शेवट सांगू नकोस हं!" पहिल्या दोन प्रश्नांवर मी तासभर बोलू शकते. तिसऱ्याने माझी पंचाईत होते, कारण सिनेमा आवडला की नाही हे मला कळतं तेच मुळी तो कुठे थांबला यावरून. सुरुवात पुष्कळांना साधते. मधला पल्ला चांगले नट खेचून नेतात. पण "निघतो, निघतो" म्हणत उंबऱ्यात उभं राहून आणखी अर्धा तास बोलणारे पाहुणे असतात ना, तसे निम्मे सिनेमे असतात.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, गेल्या दोन महिन्यांत जे पाहिलं त्याबद्दल एकदाचं लिहून टाकते, शेवटांसकट. ज्यांना शेवट नकोत त्यांनी इथूनच परत फिरावं. राग नाही.

आधी 'इकिरू', कारण तो डोक्यातून अजून गेलेला नाही. अकिरा कुरोसावाचा, १९५२ सालचा. बाबांबरोबर पाहिला. "जपानी, कृष्णधवल, दोन तास तेवीस मिनिटं" असं खरं सांगितलं असतं तर ते बसलेच नसते. मी म्हटलं, "सरकारी ऑफिसातल्या एका साहेबाची गोष्ट आहे." बाबांची अख्खी नोकरी फायलींमध्ये गेली, त्यामुळे ते लगेच बसले.

पहिलंच चित्र येतं ते पोटाच्या एक्स-रेचं. निवेदक सांगतो, हे आपल्या नायकाचं पोट, त्याला कॅन्सर आहे आणि त्याला अजून ते माहीत नाही. बाबा म्हणाले, "घ्या! हा तर शेवट आधीच सांगून मोकळा." मी मनातल्या मनात खूश. मग काही बायका अर्ज घेऊन येतात. वस्तीतलं सांडपाण्याचं डबकं बुजवा आणि तिथे मुलांसाठी बाग करा, एवढंच म्हणणं. त्या या खात्यातून त्या खात्यात, या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतात आणि फिरून फिरून निघाल्या तिथेच येऊन पोचतात. इथे बाबा इतके हसले की मला सिनेमा थांबवावा लागला. हसता हसता "आवक-जावक, आवक-जावक" एवढंच म्हणत होते.

नायक वातानाबेचं काम ताकाशी शिमुराने केलंय. ओठ हलतात, पण निम्मा आवाज आतच राहतो, असा माणूस. आजार कळल्यावर तो रात्रभर शहरात भटकतो, पैसे उधळून पाहतो, नोकरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात गेलेल्या एका मुलीच्या मागे मागे करतो. शेवटी त्याला त्या अर्जाची आठवण होते. तो ऑफिसात येतो, फाईल काढतो आणि कामासाठी बाहेर पडतो. पुढच्याच क्षणी समोर त्याचा फोटो आणि दुखवट्याला बसलेली माणसं. पाच महिन्यांनी नायक वारला, असं निवेदक सांगून टाकतो. अजून जवळजवळ एकतृतीयांश सिनेमा शिल्लक असतो.

"गेला?" बाबा सरसावून बसले. "मग बाग?"

उरलेला सिनेमा म्हणजे त्या घरी जमलेली ऑफिसची मंडळी. ती पितात आणि बाग कोणामुळे झाली यावर वाद घालतात; श्रेय तर उपमहापौर केव्हाच घेऊन गेलेला असतो. एकेकाच्या तोंडून तुकड्यातुकड्याने कळत जातं की हा माणूस महिनोन् महिने प्रत्येक दारात जाऊन, वाकून, हटून बसला होता. मग एक पोलीस येतो. सांगतो, त्या रात्री बर्फ पडत होता आणि हे गृहस्थ बागेतल्या झोपाळ्यावर बसून गाणं म्हणत होते. ते झोपाळ्याचं चित्र सिनेमा न पाहिलेल्यांनीही कुठेतरी पाहिलेलं असतं. मी असते तर तिथेच थांबले असते, आणि म्हणूनच मी कुरोसावा नाही.

कारण तो पुढे जातो. प्यायलेली मंडळी रडून भेकून शपथ घेतात, आपणही यापुढे असंच काम करायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिस भरतं, वातानाबेच्या खुर्चीवर नवा साहेब, आणि आलेली तक्रार "ते आमच्याकडे नाही" म्हणून पुढे ढकलली जाते. एक कारकून ताडकन उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो खाली बसतो, आणि समोरच्या कागदांच्या ढिगाआड त्याचा चेहरा हळूहळू दिसेनासा होतो.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असा उभा राहणारा प्रत्येक ऑफिसात एक असतो."

"आणि खाली बसणारा?"

"तोच."

त्याच आठवड्यात याचा इंग्रजी अवतार 'लिव्हिंग' (२०२२) पाहिला. पटकथा काझुओ इशिगुरोची, बिल नाय याचं काम अगदी मोजूनमापून केलेलं आणि उत्तम. मूळ सिनेमापेक्षा चाळीस मिनिटांनी लहान. पण यात नायक एका तरुण सहकाऱ्यासाठी पत्र ठेवून जातो, आणि जे आपल्याला एव्हाना कळलेलंच असतं ते त्या पत्रात नीट शब्दांत येतं. माझा तिथे विरस झाला. बाबांना मात्र ते पत्रच फार आवडलं. "लेखी असलेलं बरं," म्हणाले.

दुसरा 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला सिनेमा, २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळालेला आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. मी पूर्वी थिएटरात पाहिला होता, आता घरी दुसऱ्यांदा. एका लोकशाहिराचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्या शाहिराला आत टाकतात. तारखा पडत राहतात. कॅमेरा एका जागी लांब उभा राहून सगळं बघतो, जणू आपणही मागच्या बाकावर आपल्या केसची वाट बघत बसलोय. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी कायद्याचे उतारे ज्या एकसुरी वेगाने वाचतात, त्याला तोड नाही. बाईंना त्यात ना राग ना लोभ. काम संपलं की घरी जाऊन स्वयंपाक करायचाय.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. खोली रिकामी होते, एकेक दिवा बंद होतो, पडदा काळा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा इथे माझ्या रांगेतली माणसं उठली होती. मीही पिशवी खांद्याला लावली होती. आणि मग अचानक उजेड, बस, सहलीला निघालेले न्यायाधीश आणि त्यांचे नातेवाईक. उभ्या उभ्या मला वाटलं, झालं, आता हे कशाला?

तर हे न्यायाधीश सहलीत कुणाला तरी नावाच्या अंकांबद्दल आणि खड्यांबद्दल सल्ला देतात, मग बाकावर बसल्या बसल्या डुलकी काढतात. पोरं दबकत येऊन कानाशी ओरडतात आणि पळतात. जे हाताशी सापडतं त्याला ते एक थप्पड ठेवून देतात. पोरगं रडत निघून जातं. ते पुन्हा डोळे मिटतात. संपलं.

तेव्हा हा शेवट मला चिकटवल्यासारखा वाटला होता, आणि मी तसं चार लोकांना छातीठोकपणे सांगितलंही होतं. आता पाहिला तेव्हा त्या थपडेचा आवाज कितीतरी मोठा आला. ओरडले सगळे, मार बसला हाताशी आलेल्याला, आणि मारणाऱ्याची झोपसुद्धा मोडली नाही. दोन तास कोर्टात चाललं होतं ते काय वेगळं होतं? ते चार लोक कोण होते आता आठवत नाही, नाहीतर माफी मागितली असती.

कोर्टावरून '१२ अँग्री मेन' (१९५७) पुन्हा लावला. सिडनी ल्युमेटचा हाही पहिलाच सिनेमा, खटल्याचा निकाल ठरवायला बसलेले बारा ज्यूरर, एक खोली, ९६ मिनिटं. यात कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर असतो, मग समोर येतो आणि शेवटच्या भागात इतका खाली जातो की खोलीचं छत दिसायला लागतं. त्याच्याबरोबर भिंगंही बदलत जातात, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. हे माहीत असूनही मला दर वेळी तिथे गुदमरतं. शेवटी बाहेरच्या पायऱ्यांवर त्यातले दोघं एकमेकांना आपलं आडनाव सांगतात. दीड तास ज्यांच्याबरोबर बसलो त्यांना नावं होती हे आपल्याला तेव्हा कळतं. मग दोघं दोन वाटांनी जातात. एवढंच, आणि पुरे.

'परफेक्ट डेज' (२०२३) बद्दल मला सगळ्यात जास्त जणांनी विचारलं. विम वेंडर्सचा सिनेमा, टोकियोत सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा, आणि त्याची भूमिका करणारे कोजी याकुशो, ज्यांना कानच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. सिनेमा आवडला, पण एक कुरकुर आहे. ही स्वच्छतागृहं शिबुया भागातल्या एका प्रकल्पातली, नामांकित वास्तुरचनाकारांनी बांधलेली. वेंडर्सना बोलावलं होतं तेही मुळात ती पाहायला. त्यामुळे ती आधीपासूनच लखलखीत. एकाच्या भिंती तर काचेच्या, आतून कडी लावली की अपारदर्शक होणाऱ्या. हिरायामा आरसा लावून खालची कड तपासतो तेव्हा मला वाटत राहिलं, अरे, खरी घाण दाखव की एकदा!

पण शेवट! गाडी चालवणाऱ्या माणसाचा चेहरा, समोरून उगवतीचं ऊन, आणि काही मिनिटं नुसतं ते. हसू येतंय, डोळे भरतायत, पुन्हा हसू. कारण कळत नाही आणि विचारावंसंही वाटत नाही. मी अगदी तृप्त होऊन बसले होते. मग श्रेयनामावली, आणि ती संपल्यावर एक पाटी: 'कोमोरेबी', म्हणजे पानांमधून झिरपणाऱ्या उन्हाचा खेळ. अहो, दोन तास तेच तर दाखवलंत! हा तो उंबऱ्यातला पाहुणा.

पाट्यांचा राग निघाला तो एका मूकपटाने. मुर्नाऊचा 'द लास्ट लाफ', १९२४ सालचा, जर्मन. मोठ्या हॉटेलच्या दारावरचा रुबाबदार म्हातारा, अंगावर सोनेरी बटणांचा कोट. वय झालं म्हणून तो कोट काढून घेतात आणि त्याला खाली प्रसाधनगृहात टॉवेल द्यायला बसवतात. (एका महिन्यात दोन सिनेमे, दोन्हींत नायक स्वच्छतागृहात. मी ठरवून केलं नव्हतं.) मूकपट असून यात संवादांच्या पाट्या जवळपास नाहीतच, सगळं एमिल यानिंग्सच्या खांद्यांवरून कळतं. कोट होता तेव्हाचे खांदे आणि कोट गेल्यावरचे खांदे. तो अंधारात बसलेला असताना एक पाटी येते. तिचा भावार्थ असा: गोष्ट खरं तर इथे संपायला हवी, प्रत्यक्षात या माणसाला मरणाखेरीज वाट बघण्यासारखं काही नसतं, पण लेखकाला त्याची दया आली आणि त्याने एक अगदी अशक्य असा शेवट जोडून दिलाय. मग म्हाताऱ्याला एका कोट्यधीशाचा वारसा मिळतो आणि तो त्याच हॉटेलात बसून मनसोक्त जेवतो. मी खो खो हसले. खोटं सांगायचंच तर असं, आधी सांगून सांगावं.

'शोले'वर तर बाबांशी भांडण झालं. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. १९७५, आणीबाणीचे दिवस. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस येतात. मला तो मूळ शेवटच पटतो. सगळी लढाई दुसऱ्यांनी लढून झाल्यावर टपकणारे हे पोलीस मला लहानपणीही खटकायचे. बाबा म्हणाले, "ठाकूर वर्दीतला माणूस. तो कायदाच पाळणार." "पण वर्दी केव्हाच उतरली ना?" यावर ते म्हणाले, "तुला नाही कळायचं," आणि विषय संपला. आमच्याकडे बरेच विषय असे संपतात.

राहता राहिला नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३). तो बघायला बसले मैत्रिणीसाठी. तिने इतकी वर्षं पाहिलाच नव्हता, आणि मी बोलता बोलता बोलून गेले की शेवटी त्यातला पोरगा जब्या आपल्यावर, म्हणजे थेट कॅमेऱ्यावर, दगड भिरकावतो. ती जाम चिडली. "सांगू नकोस म्हटलं होतं ना तुला!" दोन दिवस बोलली नाही. मग बोलावून घेतलं आणि शेजारी बसवून दाखवला. डुकराच्या मागे धावणारं ते कुटुंब, राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी उभं राहिलेलं, समोरून डुक्कर निघून चाललेलं. मग ते काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले. ती मला चिकटून बसली होती. दगड येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, कुणाच्या हातून येणार हेही.

दगड आला आणि तिने डोकं बाजूला केलं. माझ्या हनुवटीवर आपटलं.

तरी ती अजून म्हणते, तू सगळी मजा घालवलीस.