कोरियन शिकतेय, कादंबरी मात्र मराठीतच

मुंबईत आले की पहिला प्रश्न ठरलेला, "कोरियन शिकतेस म्हणजे ते बीटीएस वगैरे का गं?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मग आता पुस्तकं पण कोरियनमध्येच लिहिणार का?" दोन्हीचं उत्तर नाही, पण नुसतं नाही म्हटलं की आत्या "मग कशाला एवढी डोकेफोड" म्हणते आणि ते समजवायला चहाचा एक कप पुरत नाही, म्हणून पार्ल्याच्या घरात बसून ही पोस्ट.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, मी मराठीत फँटसी लिहिते, राज्यं, गडकोट, गलबतं, थोडी जादू, आणि पुस्तकं मीच छापते, मीच विकते. नवऱ्याची नोकरी सुवॉनला, सोलच्या दक्षिणेला, आणि त्याच्यामागे मिळालेल्या व्हिसावर मला तिथे नोकरी करता येत नाही. बरं झालं. कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे मी सकाळी आठला लिहायला बसते तेव्हा मुंबईत साडेचार वाजलेले असतात, एकही व्हॉट्सॲप ग्रुप जागा नसतो, फॅमिली ग्रुपवरचं पहिलं गुड मॉर्निंगचं फूल येईपर्यंत माझी दोन-तीन पानं झालेली असतात. मुंबईत राहून मला हे कधीच जमलं नसतं, इथे सकाळी आठला घरात दूध, पेपर, इस्त्रीवाला आणि शेजारच्या काकू असे सगळे एकदम येतात.

या खेपेला आलेय ती तिसऱ्या पुस्तकाच्या छपाईसाठी. स्वतःचं स्वतः छापणं म्हणजे काय ते लोकांना वाटतं तेवढं रोमँटिक नसतं, त्यात लेखन पाव हिस्सा आणि बाकी सगळं फर्म्याचं गणित. डेमी साइजला एक फर्मा (एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घालतात तो गठ्ठा) सोळा पानांचा, माझं पुस्तक फर्म्याच्या बाहेर तीन पानं जात होतं, म्हणजे तीन पानांसाठी आणखी एक फर्मा आणि उरलेली कोरी, म्हणून शेवटची शब्दसूची उडवली आणि नकाशा छोटा केला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, तेवढं एक काम सुखाचं. पुस्तकावर जीएसटी नाही हेही चांगलं. पण दुकानात ठेवायचं म्हटलं की छापील किमतीतला मोठा हिस्सा वितरक आणि विक्रेते यांच्यात जातो. ई-बुकचं वेगळंच, किंडलवर मराठी चालतं पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी पाहिजे तर ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, नाहीतर मग ३५ टक्क्यांत समाधान. मी एक पुस्तक आत ठेवलंय, एक बाहेर.

आणि प्रूफं! लोअर परळच्या एका गाळ्यात डीटीपीवाल्या दादांच्या मागे स्टूल टाकून बसले होते. माझी फाइल युनिकोडमध्ये, त्यांचा फॉन्ट जुना, कन्व्हर्ट केलं की ऱ्याचा रफार होतो. आता माझ्या कादंबरीत दऱ्याही आहेत आणि दर्याही आहे. त्यामुळे "सैन्य दऱ्यांतून पुढे सरकत होतं" चं झालं "दर्यांतून" आणि चार हजार घोडेस्वार शांतपणे समुद्रात गेले. दादा म्हणाले, "मॅडम, जादूची स्टोरी आहे ना, चालतंय की." मी म्हटलं दादा नाही चालणार, घोड्यांना पोहता येतं असं आधी कुठे सांगितलेलं नाही. मग एकेक ऱ्या हाताने शोधला, सुऱ्या, वाऱ्या, पायऱ्या, माझ्या पुस्तकात पायऱ्या किती आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

असो. कोरियन.

लिपी एका दुपारी येते, ही थाप नाही, खरंच येते. सेजोंग राजाने १४४३ मध्ये ती तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली, आज तिच्यात मूलभूत व्यंजनं १४ आणि मूलभूत स्वर १०, आणि व्यंजनांचे आकार बोलताना जीभ-ओठ-घसा कसे असतात त्यावरून काढलेत. आपण कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य घोकलेली माणसं, आपल्याला हे तर्कट लगेच पटतं. पुढे त्रास होतो तो उच्चाराचा, कारण लिहिलेलं एक आणि तोंडातून निघणारं दुसरं. "हानगुक" म्हणजे कोरिया आणि "माल" म्हणजे बोली, जोडून म्हणताना होतं "हानगुङमाल". माझ्या वर्गातली एक ब्राझीलची मुलगी आणि एक उझबेक मुलगा हा नियम पाठ करत होते आणि मी मागे बसून हसत होते कारण हे तर वाक् अधिक मय, वाङ्मय! शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी संधी पाठ करून घेतले होते त्याचा उपयोग असा सुवॉनमध्ये होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

व्याकरणात तर मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. "नेगा ओजे इल्गन छेक", यातला शब्द न् शब्द त्याच जागी ठेवून मराठी होतं, मी काल वाचलेलं पुस्तक. खाऊन बघ म्हणायचं तर ते पण खाणे आणि बघणे हीच दोन क्रियापदं जोडतात, "मोगो ब्वा". करून दे, करून टाक, दोन्ही तसंच्या तसं आहे. वर्गातली इंग्रजीवाली मंडळी इथे डोकं धरून बसायची, सगळं वाक्य उलटं करून मग बोलायचं असल्यामुळे बोलेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. मला फक्त शब्द बदलायचे होते. (आकड्यांचं मात्र विचारू नका. तास सांगायला अस्सल कोरियन आकडे आणि मिनिटं सांगायला चिनी मूळाचे, साडेतीन वाजलेत हे सांगताना अजूनही माझा एक डोळा मिटतो.)

आता खरा मुद्दा. कोरियनचा माझ्या लिहिण्यावर झालेला परिणाम हा की माझ्या मराठीतलं इंग्रजी गळायला लागलं. फँटसी आपण सगळ्यांनी इंग्रजीतच वाचली, त्यामुळे लिहितानाही कानात तीच चाल. "तो माणूस, ज्याने राजाचा घोडा चोरला होता, तो हसला." चूक काहीच नाही पण मराठी माणूस गोष्ट सांगताना असं बोलतो का? वर्गात रोज "वाचलेलं", "येणारा", "सांगितलेली" या चालीत कोरियन वाक्यं बांधून बांधून हात असा बसला की मराठी लिहितानाही "राजाचा घोडा चोरलेला माणूस हसला" असंच उतरायला लागलं. छोटं होतं, वेग येतो, आणि कोणी अनुवाद वाचतोय असं वाटत नाही. तीनशे पानांत अशी वाक्यं शेकड्यांनी असतात, फरक पडतो.

दुसरं म्हणजे कोण कोणाला कसं बोलतं. कोरियनमध्ये समोरचा वयाने, मानाने वर की खाली हे ठरवल्याशिवाय क्रियापदाचं शेपूटच लावता येत नाही, म्हणून लोक ओळख झाली की लगेच वय विचारतात, राग मानायचा नाही. जेवणाच्या छोट्या हॉटेलात वाढणाऱ्या बाईंना "इमो" म्हणून हाक मारतात, म्हणजे चक्क मावशी! मला पहिल्यांदा ऐकून इतकं बरं वाटलं की मी गरज नसताना दोनदा किमची मागितली. आपल्याकडे तर तू, तुम्ही, आपण, वर अगं, अरे, अहो, एवढं सगळं पडलेलं आहे, पण फँटसी म्हटलं की आपले राजेराण्या सरसकट एकाच पट्टीत बोलतात. नव्या पुस्तकात माझा तांडेल राणीला गलबतावर "ए, दोर धर" म्हणतो आणि धक्क्याला लागलं की "आपण पुढे व्हावं" म्हणतो, आणि एकदा तो धक्क्यावर उतरल्यावरही चुकून अरेतुरेवर येतो. त्यांच्यात काय शिजतंय ते वाचकाला तिथेच कळतं, मला वेगळं सांगावं लागत नाही.

परीक्षेचंही विचारतात म्हणून सांगते. टोपिक म्हणतात, एकूण सहा पातळ्या, वरच्या पेपरला ३०० मार्क, १२० ला तिसरी पातळी आणि १५० ला चौथी. माझी तिसरी झालीय, चौथीला निबंध नडतो. ६०० ते ७०० अक्षरं, चौकटीच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर. या चौकटीच्या कागदाचं प्रस्थ तिकडे मोठं आहे, लेखक मंडळी आजही लांबी सांगताना दोनशे चौकटींच्या कागदाचे इतके ताव असं सांगतात, टाइप कॉम्प्युटरवर केलं तरी. मला ही मोजणी आवडली. वर्डमधल्या शब्दसंख्येपेक्षा ताव कसे भरलेले दिसतात.

कोरियात फँटसी लिहून पोट भरणारी माणसं आहेत याचा मला सुरुवातीला हेवाच वाटला. काकाओपेज, नेव्हर सीरिज, मुनपिया अशा ऑनलाइन ठिकाणी कादंबरी तुकड्या-तुकड्याने येते, एक भाग साधारण पाच हजार अक्षरांचा, किंमत बहुतेक शंभर वॉन, म्हणजे आपले सहा-सात रुपये, वडापावपेक्षा स्वस्त. काकाओपेजवर २०१४ पासून "थांबलात तर फुकट" अशी सोय आहे, ठरावीक वेळ वाट पाहिली की पुढचा भाग विनापैसे, धीर नसेल तर शंभर वॉन मोजा. माणसाच्या अधीरपणावर चालणारा इतका साधा धंदा मी दुसरा पाहिला नाही. भाग कुठे तोडायचा याला तिकडचे वाचक चक्क एक सिद्धी मानतात, मार्शल आर्टच्या गोष्टींतल्या गुप्तविद्येसारखं नाव आहे तिला. नायक नुसता सहन करत बसला तर प्रतिक्रियेत "रताळं" म्हणतात, घशात अडकतं म्हणून, आणि त्याने एकदाचा हिशेब चुकता केला की "सायडर", म्हणजे त्यांचं लिंबूसोडा टाइप पेय. आणि विषय? मेलेला माणूस आपल्याच भूतकाळात परत येतो, दुसऱ्याच्या शरीरात शिरतो, नाहीतर नवा जन्म घेतो, या तीन प्रकारांवर निम्मं मार्केट चालतं. हे मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय नवीन?"

आपल्याकडेही क्रमशःची सवय जुनीच की. साप्ताहिकांतल्या कादंबऱ्या, आणि दिवाळी अंक तर १९०९ च्या मनोरंजन मासिकापासून. आता प्रतिलिपी ॲपवर मराठी भाग वाचणारे भरपूर आहेत, आणि गंमत म्हणजे त्या प्रतिलिपीत २०२१ मध्ये पैसे घातले ते पब्जीवाल्या क्राफ्टनने, म्हणजे कोरियन कंपनीनेच. पण आठवड्यातून पाच भाग लिहिणं मला जमणार नाही हेही मी ठरवून टाकलंय. तिकडचे लेखक मनगटाला पट्टे बांधून लिहितात, आणि रोजच्या भागात सायडर ओतायचं असल्यामुळे गोष्टीला मुरायला वेळच मिळत नाही. मला रताळं आवडतं. उपासाचं तर जास्तच.

माझ्या चौथ्या पुस्तकाचं बीज मात्र सुवॉनमध्येच सापडलं, आणि ते जादूत नाही, हिशेबात. शहराच्या मधोमध ह्वासॉन्ग नावाचा कोट आहे, जॉन्गजो राजाने १७९४ ते १७९६ मध्ये बांधलेला, तटबंदी पावणेसहा किलोमीटरच्या आसपास, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. मी रोज संध्याकाळी तिथे चालायला जाते. राजाने वेठबिगारी न लावता मजुरी देऊन काम करून घेतलं आणि काम झाल्यावर सगळ्याची नोंदवही तयार करवली, ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, १८०१ मध्ये, त्यात कोणत्या कारागिराने किती दिवस काम केलं, त्याला किती मिळालं, दगड किती, विटा किती, दगड उचलायला जॉन्ग याक-योंग या विद्वानाने केलेल्या यारीचं चित्रसुद्धा. कोरियन युद्धात कोटाची पडझड झाली, पुढे १९७० च्या दशकात या नोंदवहीवरूनच तो पुन्हा उभा केला. गवंड्याचं नाव टिकलंय हो! आपल्याकडे रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे, लहानपणी सहलीला गेलो तेव्हा सरांनी वाकून वाचायला लावलं होतं, पण त्यांच्या हाताखाली घाम गाळलेल्यांची यादी मला कुठे वाचायला मिळाली नाही. फँटसीतले गड तर कोणी बांधतच नाही, ते डोंगरावर आपोआप उगवलेले असतात.

तर नव्या कादंबरीची नायिका गडाच्या कामावरची हिशेबनीस आहे. तलवार नाही, दौत-लेखणी आणि मजुरीची वही. सध्या तिचं पाथरवटांच्या मुकादमाशी भांडण लागलंय, तो म्हणतो घडीव दगडाचा दर नगावर लाव, ती म्हणते दिवसावर, आणि दोघांपैकी कोणाचं बरोबर हे मलाच ठरवता येत नाहीये. मी महिनाअखेरपर्यंत पार्ल्यात आहे. कोणाच्या घरात पाथरवटाचं, गवंड्याचं काम असेल, किंवा आजोबांकडून ऐकलं असेल की जात्याला, पायरीला, खांबाला मजुरी कशी ठरायची, टाकी लावायचे, म्हणजे छिन्नीने टाचे मारायचे, पैसे वेगळे असायचे की त्यातच, तर मला प्लीज कळवा, मी घरी येऊन ऐकेन, चहा नको, फक्त बोलू द्या त्यांना.