तुम्ही विचारलंत म्हणून: गटाचं अध्यक्ष कुणाला करावं?

नवा बचत गट उभा राहिला की हा प्रश्न मला हमखास येतो. खरं तर तोवर गावानं उत्तर ठरवलेलंही असतं. जी जास्त बोलते ती अध्यक्ष, जी जास्त शिकलेली ती सचिव, आणि जिच्या घरी लोखंडी कपाट ती कोषाध्यक्ष! बँकेत खातं उघडायला पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, त्यामुळे घाई होते, हेही खरं.

तरी पहिल्या चार-सहा बैठका नुसतं बघा. दहा-पंधरा बायकांत तिघी-चौघीच बोलत असतात. अशा वेळी कोपऱ्यातल्या वहिनींना “तुमचं काय म्हणणं?” असं विचारणारी कोण आहे? माझं मत तिला. मोठ्या आवाजाच्या ताईंना बँकेच्या कामाला धाडा. “पुढच्या आठवड्यात या” म्हटल्यावर खुर्ची ओढून तिथंच बसायचं काम त्यांनाच जमतं.

वसुलीचं मात्र वेगळं आहे. हप्ता थकलेल्या घरी जाऊन चहा पिऊन, कुणाची अब्रू न काढता पैसे घेऊन येणारी बाई बहुधा एखादी म्हातारी मावशी असते. कुणी बियाण्याला किती उचलले, कुणी बाळंतपणाला, सगळं तिला तोंडपाठ. तिला सही येत नाही म्हणून कोषाध्यक्षपद नाकारू नका; बँकेत अंगठाही चालतो.

वह्या लिहायला नव्या सुनेला बसवतात. अक्षर छान असतं, हिशेब चोख असतो. पण सासू त्याच गटात असली तर सासूचा उशिराचा दंड तिच्या हातून लिहिला जात नाही. हे आधी बघावं.

2011 पासून महाराष्ट्रात चालू असलेल्या उमेद या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानात पदांपलीकडच्या जागाही आहेत. जनावरांची जाण असलेली पशुसखी होते, बँकेच्या कागदपत्रांना न घाबरणारी बँक सखी. सगळी चढाओढ एका अध्यक्षपदासाठी कशाला?

एक धोका मात्र आहे. जिला जे जमतं तेच तिच्या गळ्यात कायमचं पडतं, आणि सून दहा वर्षं वह्याच लिहीत राहते. म्हणून दोन-तीन वर्षांनी पदं बदला. बदलायच्या आधी सहा महिने नव्या बाईला जुनीच्या शेजारी बसवा. वही नवीनं लिहायची, जुनीनं फक्त बघायचं.